वाचनमंडळींचा ग्रंथशोध

चारचौघांनी एकत्र बसून ग्रंथ वाचण्याची रीत महाराष्ट्रात छापखान्याहून पुष्कळ जुनी आहे. परंतु त्या जुन्या रीतीत ‘यंदा कोणता ग्रंथ घ्यावा’ हा प्रश्न कोणास फारसा पडत नसे, कारण त्याचे उत्तर पंचांगाने आणि परंपरेने आधीच देऊन ठेवलेले असे. आषाढी एकादशीस चातुर्मास लागला, की गावच्या देवळात किंवा एखाद्या सुखवस्तू गृहस्थाच्या ओसरीवर श्रीधरस्वामींच्या ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’, ‘रामविजय’ यांपैकी एखादी पोथी लागावी, श्रावणातल्या सोमवारी ‘शिवलीलामृत’ वाचले जावे, दत्तभक्तांच्या घरी ‘गुरुचरित्रा’चा सप्ताह बसावा, असा शिरस्ताच होता. चौरंगावर पोथी ठेवून तिचा रुमाल सोडायचा, वरची लाकडी फळी बाजूस काढायची, सुटे पान दोन्ही हातांनी उचलून वाचायचे आणि वाचून होताच ते उलटून तसेच पुढे ठेवायचे. ऐकणाऱ्यांत अक्षरओळख असलेले दोन-तीन, बाकीची मंडळी केवळ कानांनी वाचणारी. समाप्तीच्या दिवशी वाचणाऱ्यास शिधा आणि दक्षिणा मिळे, श्रोत्यांस प्रसाद मिळे, आणि पोथी पुन्हा रुमालात जाई.

या व्यवस्थेत ग्रंथ निवडणारा खरा माणूस म्हणजे पोथीचा मालक. हस्तलिखित पोथी करवून घेणे हे खर्चाचे आणि महिनोन्‌महिने चालणारे काम असल्याने, ज्याच्या घरी जी पोथी असेल तीच त्या आळीचे वाङ्मय ठरे. पोथ्यांच्या शेवटी नकलाकार जी प्रार्थना लिहून ठेवीत, तीत तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि विशेषतः मूर्खाच्या हातापासून आपले रक्षण व्हावे, असे पोथीच्याच तोंडून वदविलेले असे. तिच्यातील शेवटची अट पाहता, पोथ्या उसन्या देणाऱ्यांचा अनुभव आजच्या ग्रंथपालांच्या अनुभवाहून फारसा निराळा नसावा.

छापखाना आला तेव्हा ही घडी एकदम विस्कटली असे मात्र झाले नाही. मुंबईत १८२२ साली ‘पंचोपाख्यान’ छापून निघाले, त्याच सुमारास शाळा काढण्यासाठी आणि शाळांना पुस्तके पुरविण्यासाठी तेथे एक मंडळी स्थापन झाली, आणि पुढे सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘बाळमित्र’, ‘इसापनीति’, ‘वेताळपंचविशी’ यांसारखी पुस्तके मराठीत आणून मराठी मुलांच्या हाती कथेचे पहिले छापील पान दिले. तरीही सोवळ्यातल्या वाचकाला छापील पुस्तक शिवावयास धीर होत नव्हता. शाईत चरबी असते असा त्याचा वहीम होता. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले तेव्हा या शंकेच्या निवारणार्थ शाईत तूप घातले गेले, ही हकीकत गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ सालच्या ग्रंथापासून सांगितली जात आली आहे. एका पिढीच्या वाचनाचा प्रश्न असा शाईच्या मसाल्यावर येऊन अडावा, यात हसण्यासारखे काही असेल, परंतु गणपत कृष्णाजींची व्यवहारचतुराई त्याहून अधिक लक्षात घेण्यासारखी आहे. वाचकाशी वाद घालीत न बसता त्यांनी त्याच्या देव्हाऱ्यापर्यंत छापील कागद नेऊन पोहोचविला.

याच सुमारापासूनची पन्नास वर्षे ही ‘नेटिव जनरल लायब्ररी’ या नावाने निघालेल्या संस्थांची आहेत. रत्नागिरीस १८२८ मध्ये, अहमदनगरास १८३८ मध्ये, नाशकास १८४० मध्ये, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांच्या पुढाकाराने १८४५ मध्ये, पुण्यास १८४८ मध्ये आणि कोल्हापुरास १८५० मध्ये अशी ही वाचनालये निघाली, आणि त्यांतली बरीचशी आज नगर वाचनालय किंवा नगर वाचन मंदिर अशा नावांनी नांदत आहेत. त्यांच्या जन्मकथा एकमेकींसारख्या आहेत: जिल्ह्याच्या ठिकाणचा एखादा विद्याप्रेमी इंग्रज अधिकारी, त्याच्या कचेरीतले नवशिक्षित मुनसफ, मास्तर आणि कारकून, शहरातले दोन-चार सरदार अथवा सावकार, यांनी मिळून वर्गणी जमवायची, सरकारी किंवा पडीक वाड्यात एक दालन मिळवायचे आणि वर्तमानपत्रे मागवायची. पुस्तकांची निवड तेथेही होत होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. देणगीत आलेली पुस्तके कपाटात जात, आणि देणाऱ्यांत साहेबलोक बरेच असल्याने कपाटातील इंग्रजी पुस्तकांची रांग मराठी रांगेहून लांब राही. दात्याच्या फडताळात जे नकोसे झाले ते वाचकास हवेसे व्हावे, या अपेक्षेवर उभी असलेली ग्रंथालये आपल्याकडे अजूनही दुर्मिळ नाहीत.

पुण्याच्या लायब्ररीचा इतिहास या दृष्टीने जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण तिच्या उभारणीत ज्या लोकहितवादींचा, म्हणजे गोपाळ हरि देशमुखांचा हात होता, त्यांनी त्याच सुमारास ‘प्रभाकर’ पत्रातून आपली शतपत्रे लिहावयास आरंभ केला होता, आणि मराठी वाचावयास मराठीत ग्रंथ तरी कोठे आहेत, हा सवाल त्यांना अस्वस्थ करीत होता. वाचनालय काढले, बुधवार वाड्यात जागा मिळाली, माणसे येऊन बसू लागली. पण हाती काय द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी एका अनपेक्षित जागी शोधले. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास रमण्यात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची चाल होती; तळेगावच्या दाभाड्यांपासून आलेली ही चाल पेशव्यांनी पुढे मोठ्या प्रमाणावर चालविली होती, आणि १८१८ नंतर एल्फिन्स्टन साहेबांनी ती एकदम मोडून न टाकता तिच्या खर्चाची मर्यादा वर्षास पन्नास हजारांवर आणून ठेवली होती. या रकमेचा काही हिस्सा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस बक्षीस म्हणून द्यावा, असा अर्ज पुण्यातील नव्या पक्षाने १८४९ मध्ये तयार केला. जुन्या पक्षाच्या ताटातलाच घास मागितल्यामुळे शहरात केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करता येते. तरीही सरकारने अर्ज मान्य केला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली.

या कमिटीस मराठीतील पहिले संघटित पुस्तक-निवड मंडळ म्हणावयास हरकत नाही. तिने इतिहास, शास्त्रे, नीती आणि भाषांतरे यांना उत्तेजन दिले, पुष्कळ लेखकांस लेखणी हाती धरावयास लावले, आणि त्या काळच्या गद्याला जो एक स्वच्छ, शाळकरी, किंचित ताठर बाणा आला त्याचे श्रेय आणि दूषण दोन्ही तिच्या पदरात टाकावी लागतात. कमिटीला ‘उपयुक्त’ ग्रंथ हवे होते. वाचकाला काय हवे होते, हे पाहावयाचे असेल तर बक्षिसांची यादी मिटवून बाजारात जावे लागते. तेथे बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’मागून, म्हणजे १८५७ नंतर, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये आलेली दिसते, आणि त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत उतरवू लागलेले दिसतात. स्वतः कृष्णशास्त्री सरकारी विद्याखात्यातले मान्यवर पंडित. परंतु त्यांच्या पांडित्यापेक्षा त्यांच्या राक्षसांनी आणि शहाजाद्यांनी अधिक घरे काबीज केली. वाचनालयाच्या पंचांनी नीतिबोध विकत घ्यावा आणि सभासदांनी ‘मंजुघोषा’ मागावी, ही ओढाताण तेव्हा सुरू झाली ती अद्याप मिटलेली नाही, आणि मिटू नये असे मला वाटते. पंच आणि सभासद यांचे एकमत झालेले वाचनालय बहुधा झोपी गेलेले असते.

वाचून चर्चा करण्याचे वळण याच काळात मुंबईस लागले. एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुणांनी १८४८ मध्ये जी विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र सभा काढली, तिच्या मराठी शाखेत, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेत, सभासदाने निबंध वाचावा आणि इतरांनी त्यावर बोलावे, असा प्रघात होता, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकामुळे अशा निबंधांना सभेच्या चार भिंतींबाहेरचा वाचकही मिळू लागला. ग्रंथ थोडे असल्यामुळे ही मंडळी स्वतःच ग्रंथ बनत होती, असे म्हटले तरी चालेल.

पुस्तके वाढू लागली तसा प्रश्नाचा रोख पालटला. पूर्वी ग्रंथ नाहीत ही तक्रार होती. आता कोणते निघाले, कोठे निघाले, किती किमतीस मिळतात, हे कळत नाही अशी तक्रार सुरू झाली. साताऱ्याच्या वाचकास मुंबईच्या छापखान्यात काय चालले आहे हे कळण्याचे साधन म्हणजे वर्तमानपत्रातील जाहिरात, किंवा एखाद्या पुस्तकाच्या अखेरीस छापलेली त्याच प्रकाशकाची यादी. त्या काळच्या पुस्तकांत आणखी एक यादी असे, आश्रयदात्यांची: ग्रंथ छापण्यापूर्वीच ज्यांनी वर्गणी भरली त्यांची नावे, गावे आणि घेतलेल्या प्रतींची संख्या. संस्थानिकाचे नाव ठळक अक्षरांत पहिले, मग सरदार, मग रावबहादूर, आणि शेवटी एकेक प्रत घेणारे मामलेदार, हेडमास्तर, वकील. इतिहासकाराला या पानांतून त्या काळच्या वाचकवर्गाची अशी खानेसुमारी मिळते, की कित्येकदा मूळ ग्रंथापेक्षा तीच अधिक बोलकी वाटते.

आणि मग १८६७ साली एक विलक्षण गोष्ट घडली, जिच्याकडे साहित्याचे इतिहासकार सहसा ढुंकून पाहत नाहीत. त्या वर्षीच्या पंचविसाव्या कायद्याने हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल करणे छापणाऱ्यावर बंधनकारक झाले, आणि दर तिमाहीस त्या पुस्तकांची फर्द सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होऊ लागली. पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता, विषय, छापण्याचे ठिकाण, छापणाऱ्याचे नाव, प्रसिद्धीची तारीख, पानांची संख्या, आकार, आवृत्ती, काढलेल्या प्रती, शिळाछाप की खिळेछाप, किंमत, आणि हक्क कोणाचा, एवढे रकाने त्या फर्दीत असत. १८५७ चा वणवा नुकताच विझलेला होता, तेव्हा देशी छापखान्यांत काय शिजते आहे यावर डोळा ठेवणे हाही सरकारचा हेतू असला तर नवल नाही. परंतु दप्तराची गंमत अशी, की कारकून रकाने भरतो तेव्हा तो आवडनिवड करीत नाही. लावण्यांचे चोपडे, व्रतकथा, नाटक, वैद्यक, शाळेचे अंकगणित आणि वेदान्त ही सगळी त्याच्या फर्दीत एका ओळीने बसतात. दक्षिणा कमिटीने ज्यांचा कधी विचारही केला नसता अशा शेकडो पुस्तकांचे अस्तित्व आज आपणांस ठाऊक आहे ते या अरसिक कारकुनामुळे.

रसिकांचे परीक्षण त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकाने आणि पुढे १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने हाती घेतले. नव्या ग्रंथावर अभिप्राय छापून येणे आणि तो वाचून दूरच्या गावच्या वाचनालयाने पुस्तक मागविणे, ही साखळी या मासिकांमुळे जुळली. १८७८ साली लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास ग्रंथकारांची सभा भरविली तिच्यामागेही ग्रंथप्रसारास उत्तेजन मिळावे हाच विचार होता. १८८५ मध्ये दुसरी सभा भरली तेव्हा तिचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले, आणि ज्यांचे ग्रंथ शूद्रातिशूद्रांच्या हक्कांशी फटकून वागतात त्यांच्या सभेशी आपला मेळ बसणे नाही, अशा आशयाचे जे जळजळीत पत्र धाडले ते प्रसिद्धच आहे. ग्रंथ कोणते निवडावे या वादापूर्वी निवडणारे कोण हा वाद असतो, ही गोष्ट त्या पत्राइतक्या स्पष्टपणे नंतरही फार थोड्यांनी सांगितली. रानड्यांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु या एका पत्राला त्यांच्या सभेपाशी उत्तर नव्हते.

निवड करणाऱ्यांची ही परंपरा एकीकडे चालू असता, ठाण्यास विनायक लक्ष्मण भावे या विशीतल्या तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी १ जून १८९३ रोजी जे मराठी ग्रंथसंग्रहालय काढले, त्याचा बाणा अगदी निराळा होता. चांगले-वाईट, उपयुक्त-निरुपयोगी हा विचार बाजूस ठेवून, मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक जमवावे, हा त्यांचा संकल्प. इंग्रजी पुस्तकांना तेथे मुख्य स्थान नव्हते, साहेबाच्या देणगीची वाट पाहिली जात नव्हती. जुनी शिळाछाप पुस्तके, फाटकी बाडे, बंद पडलेल्या मासिकांचे अंक, जे मिळेल ते गोळा होऊ लागले. त्या वेळच्या शहाण्यासुरत्या लोकांना हा नुसता रद्दीचा षोक वाटला असला तर त्यांना दोष देता येत नाही. पण भाव्यांचे ‘महाराष्ट्र सारस्वत’, जे प्रथम विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’तून आले आणि पुढे वाढत वाढत मराठी वाङ्मयेतिहासाचा पाया ठरले, ते ज्या मनाने लिहिले त्याच मनाने हा संग्रह केलेला आहे: आधी सगळे डोळ्यांखाली घालावे, मग बोलावे. पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १८९८ रोजी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, आणि मराठी पुस्तक हवे असेल तर कोठे जावे, याला प्रथमच एक सरळ उत्तर मिळाले.

शहरांचे असे झाले; खेड्यांचे काय? येथे महाराष्ट्राबाहेर, परंतु मराठी राजाच्या राज्यात, बडोद्यास जावे लागते. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले आणि लगेच त्यांच्या ध्यानात आले, की शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती पुस्तक पडले नाही तर चार वर्षांत अक्षरे विसरली जातात. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणविला. तीन वर्षांत त्याने मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथपालांचे शिक्षणवर्ग काढले आणि फिरत्या वाचनालयांचा उपक्रम सुरू केला. कुलूपबंद लाकडी पेटीत पुस्तके भरून ती पेटी गावी रवाना व्हायची, वाहतुकीचा खर्च सरकारचा, मुदत संपली की पेटी परत आणि तिच्या जागी दुसरी. कायमचे वाचनालय हवे असेल तर गावकऱ्यांनी रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच दरबारने घालावी, असा तिहेरी हिशेब ठरलेला होता. ही पुस्तके बहुतांशी गुजराती, कारण प्रजा गुजराती होती. परंतु महाराजांनी १९१२ मध्ये दोन लाख रुपयांचा निधी बाजूस काढून जी सयाजी साहित्यमाला सुरू केली, तिच्यात त्या निधीच्या व्याजातून मराठी आणि गुजराती अशी दोन्ही भाषांतली पुस्तके निघाली.

या पेटीविषयी माझे मत थोडे संमिश्र आहे. गावाच्या चावडीत जिथे एकही पुस्तक नव्हते तिथे पुस्तके येऊन पडणे, ही क्रांतीच होती. पण पेटीत काय भरावे हे बडोद्यास ठरत होते, आणि खेड्यातील मंडळींनी येईल ते वाचायचे होते. एका अर्थी ही पुन्हा पोथीच्या मालकाचीच सत्ता. मालक उदार आणि दूरदर्शी होता, एवढाच फरक, आणि तो लहान नव्हे. मराठी मुलखातल्या खाजगी ग्रंथमालांचेही तसेच. वर्षाची वर्गणी आगाऊ भरावी आणि संपादक पाठवील ती पुस्तके घ्यावीत, या पद्धतीने तालुक्याच्या गावच्या मास्तरांची आणि वकिलांची कपाटे भरली. निवडीचा भार वर्गणीबरोबरच संपादकाकडे सोपविला जाई, आणि पुष्कळांना तो सोपवून सुटकाच वाटत असे.

निवड वाचकाच्या स्वाधीन करावयाची, तर त्याच्या पुढ्यात संपूर्ण यादी हवी. सरकारी फर्दी गॅझेटात विखुरलेल्या, ग्रंथालयांच्या याद्या आपापल्या कपाटांपुरत्या, आणि प्रकाशकांच्या याद्या आपापल्या दुकानांपुरत्या. या सर्वांना एकत्र आणण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने किंवा सरकारी खात्याने केले असते तर कोणास आश्चर्य वाटले नसते, पण ते केले शंकर गणेश दाते या एकट्या गृहस्थाने. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची त्यांची विषयवार सूची दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कागदाची टंचाई असताना बाहेर पडली. १९३८ ते १९५० या वर्षांचा दुसरा भाग १९६१ मध्ये आला. पृष्ठसंख्या, आवृत्ती, किंमत, प्रकाशक, सगळे तपशील त्यात आहेत, आणि कोणते पुस्तक थोर, कोणते टाकाऊ, याविषयी एक अक्षर नाही.

एखाद्या वाचकमंडळाने ही सूची टेबलावर ठेवून वर्षाचा बेत करून पाहावा, म्हणजे तिचे मोल कळते. शेतीवर म्हणून पान उघडावे तर ऊस, विहिरी, जनावरांचे रोग यांवर शंभर वर्षांत निघालेल्या पुस्तिका सापडतात. प्रवासवर्णने पाहू जावे तर विलायतेच्या खेरीज काशीयात्रेची कितीतरी वर्णने हाती येतात. स्त्रियांनी लिहिलेली पाकशास्त्रे, तमाशांचे वग, होमिओपथी, बुद्धिबळ, असे सगळे एकाच छताखाली दिसते, आणि ‘मराठीत या विषयावर काहीच नाही’ हे आपल्या सुशिक्षितांचे आवडते वाक्य दर दहा मिनिटांनी खोटे ठरत जाते. त्यांतील कित्येक पुस्तकांच्या प्रती आज ठाण्यास किंवा मुंबईस जाऊनच पाहाव्या लागतात, आणि काहींच्या तेथेही उरलेल्या नाहीत. दाते १९६४ मध्ये वारले. मराठी नियतकालिकांच्या सूचीचे जे काम त्यांनी सुरू केले होते ते त्यांच्या सहकाऱ्यांनी तडीस नेले आणि १९६९ मध्ये ती सूचीही प्रसिद्ध झाली; तीतही १९५० सालापाशी रेघ ओढलेली आहे.